जीन चालू होताना नेमकं काय होते, ते सुतळीवर करून बघायची रीत

बारावीच्या पोट्ट्यांना विचारा, ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, कुठून सुरू होते, तर धाडकन उत्तर येते "मॅडम, प्रमोटरपासून". मग विचारा की बरं, प्रमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या त्या पट्ट्यावर, पहिल्यांदा काय होते, कोण येते, कोण डीएनएचा दोर उघडते, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात. त्यांची चूक नाही. आमच्या यवतमाळकडं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली पोरं अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकात पडतात, शब्द पाठ करता करताच वर्ष निघून जाते आणि पुस्तकात हा सगळा भाग दोन-तीन ओळीत आटोपलेला असते. पण पेशीचा खरा निर्णय तिथंच होते ना बाप्पा, कोणता जीन चालू करायचा, किती करायचा, कधी करायचा, हे बहुतेक सुरुवातीलाच ठरते. म्हणून मी हे दोरीवर करायला लावते, आणि ते घरी कसं करायचं ते इथं सांगून राहिले. एकट्यानं जमत नाही, चार हात लागतात, तेव्हा भाऊ, बहीण, मैत्रीण कोणी तरी धरून आणा.

सामान घरातलंच आहे. दोन रंगाच्या सुतळ्या पाच-पाच मीटर, समजा एक पिवळी आणि एक हिरवी, एकाच रंगाच्या असल्या तर एक हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. कपडे वाळवायचे तीन-चार चिमटे, एक मार्कर, शिलाईचा टेप, थोडे मणी आणि ओवायला दोरा. आणि एक डालं, अर्धा मीटर रुंदीचं, ते शेवटाकडं लागते.

माप आधी ठरवून घ्या, काहून की माप नसलं की हा नुसता खेळ होते. डीएनएचं एक अक्षर म्हणजे आपले २ सेंटिमीटर. दोन्ही सुतळ्या शेजारी ठेवून उजव्या पिळानं एकमेकीला वेढा द्या, दर २१ सेंटिमीटरला एक पूर्ण वेढा (खऱ्या डीएनएत साडेदहा अक्षरांना एक वेढा असते). पिवळी ही कोडिंग, हिरवी ही टेम्प्लेट. पिवळीच्या डाव्या टोकाला चिठ्ठी लावा ५ प्राइम, उजव्याला ३ प्राइम, आणि हिरवीला बरोब्बर उलटं. हे न करता पुढं जाऊ नका, परीक्षेत अर्धे मार्क इथंच जातात. आरएनए बनवणारं मशीन हिरवी वाचते, तिच्या ३ प्राइमकडून ५ प्राइमकडं, आणि आरएनए बनते ५ प्राइमकडून ३ प्राइमकडं, म्हणून तो दिसायला पिवळीसारखा होते, फक्त टी च्या जागी यू.

आता डाव्या टोकापासून साडेतीन मीटरवर मार्करनं लाल खूण करा. ही +१, म्हणजे जिथून आरएनएचं पहिलं अक्षर बनते ती जागा. तिच्या डावीकडं मायनस नंबर, उजवीकडं प्लस, आणि शून्य नंबर नसतेच, -१ च्या शेजारी थेट +१. लाल खुणेपासून डावीकडं १२ ते २४ सेंटिमीटर हा पट्टा रंगवा, इथं टी-ए-टी-ए-ए-टी ही सहा अक्षरं. हा -१० चा बॉक्स, डेव्हिड प्रिब्नोनं १९७५ साली दाखवला म्हणून प्रिब्नो बॉक्स पण म्हणतात. अजून मागं जा, ५८ ते ७० सेंटिमीटरचा पट्टा रंगवा, तो -३५ चा, त्यात टी-टी-जी-ए-सी-ए. दोघांमध्ये ३४ सेंटिमीटर रिकामे राहिले पाहिजेत, म्हणजे १७ अक्षरं. टेप लावून तपासा, या १७ चं काम शेवटी आहे. खऱ्या जीनमध्ये ही अक्षरं अशी जशीच्या तशी क्वचितच असतात, एखाद-दोन इकडंतिकडं, आणि जितकी जवळ जुळतात तितका प्रमोटर साधारण जोरदार असते.

तर हा झाला ई. कोलाय बॅक्टेरियाचा प्रमोटर. आता मशीन.

तुमची मूठ म्हणजे आरएनए पॉलिमरेज, त्यातला कोर. कोरमध्ये दोन अल्फा, एक बीटा, एक बीटा प्राइम आणि एक ओमेगा असतात आणि आरएनए बनवायची सगळी ताकद त्याच्यात आहे, पण सुरुवात कुठं करायची ते त्याला कळत नाही, तो दोरावर कुठंही जाऊन चिकटते. डोळे मिटून मूठ दोरावर फिरवून बघा, लाल खूण सापडते का ते. पेरणीला बाहेरगावचा ट्रॅक्टरवाला बोलावला की त्याला मशीन चालवता येते पण आपला धुरा कोणता ते माहीत नसते, मग घरचं कोणी तरी सोबत बसून दाखवते की इथून सुरू कर. ते काम सिग्मा नावाच्या प्रोटीनचं. चिमटा घ्या, मुठीत दोन बोटांमध्ये धरा, आता कोर अधिक सिग्मा म्हणजे होलोएन्झाइम झालं. सिग्माचा एक भाग -३५ ला धरते, दुसरा -१० ला. दोर अजून पिळातच आहे, उघडला नाही, याला क्लोज्ड कॉम्प्लेक्स म्हणतात.

नेहमीचा सिग्मा म्हणजे सिग्मा ७०, पण ई. कोलायकडं एकूण सात आहेत, वेगवेगळ्या वेळेचे. उन्हाळ्यात आपल्याकडं चंद्रपूर ४५ च्या वर जाते तेव्हा आपण कामाची वेळच बदलतो ना, पहाटे वावरात आणि दुपारी घरात, तसं बॅक्टेरियाला ४२ अंशाच्या आसपास गरम केलं की त्याच्यात सिग्मा ३२ वाढते, आणि हा सिग्मा वेगळे प्रमोटर ओळखते, ज्यांच्यापुढं उष्णतेनं बिघडलेल्या प्रोटीनची घडी नीट करणाऱ्या प्रोटीनचे जीन असतात. मशीन तेच, वाट दाखवणारा बदलला की कामाची यादी बदलली. मला हा भाग फार आवडते आणि परीक्षेला येत नाही तरी मी शिकवतेच.

आता दोर उघडायचा. दुसऱ्यानं दोन्ही टोकं घट्ट धरायची आणि तुम्ही -११ पासून +२ पर्यंत, म्हणजे लाल खुणेच्या डावीकडं २२ आणि उजवीकडं ४ असे २६ सेंटिमीटर, दोन्ही सुतळ्या बोटांनी अलग करायच्या. वीतभर आणि वर दोन बोटं. करताना हाताला कळते की पीळ कुठं जात नाही, तो पुढं सरकून दाटते. पेशीतला डीएनए थोडा उलट पिळलेला, म्हणजे सैल केलेला असते, म्हणून तिथं हे सोपं जाते. बॅक्टेरियाचा सिग्मा ७० हे उघडायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, पण मागत नाही, तो -११ चं ए अक्षर पिळातून बाहेर काढून स्वतःच्या खोबणीत अडकवून ठेवते आणि तिथून फट वाढत जाते. या जागी ए आणि टी काहून जास्त, तर त्यांच्यात दोनच हायड्रोजन बंध असतात, जी-सी मध्ये तीन, शिवाय टी-ए च्या थरांची एकमेकांवरची पकडही ढिली असते. हे ओपन कॉम्प्लेक्स.

आता मणी, एक मणी म्हणजे आरएनएचं एक अक्षर. पहिला मणी +१ समोर, दुसरा +२ समोर, दोघं जोडले की आरएनए सुरू. लक्षात ठेवा, डीएनए पॉलिमरेजला आधी प्रायमर लागते, याला लागत नाही, हा दोन सुटी अक्षरं घेऊन कोऱ्या जागेवर सुरू करू शकते.

आणि इथून पुढचा भाग नीट, सावकाश करा, काहून की पुस्तकात तो जवळजवळ नसतेच. सगळ्यांना वाटते आता मशीन सुसाट सुटली. नाही सुटत. मूठ आहे तिथंच ठेवा, चिमटा प्रमोटरला पकडूनच आहे. फक्त उजवीकडची सुतळी थोडी थोडी आत ओढा, एक मणी जोडायला २ सेंटिमीटर. दोन मणी, तीन, चार, पाच. मुठीत सैल सुतळीचा गोळा जमायला लागते, हाताला ताण कळते. याला स्क्रंचिंग म्हणतात, मशीन जागेवर राहून डीएनए आत ओढून घेते. दुसरीकडं चार-पाच अक्षरांचा आरएनए झाला की त्याला बाहेर पडायच्या वाटेत सिग्माचंच एक बोट आडवं असते, त्याला तो धडकते. मग दोनपैकी एक होते. बहुतेक वेळा तेवढा आखूड आरएनए गळून पडते, आत ओढलेली सुतळी सर्रकन परत जाते आणि मशीन पुन्हा पहिल्या मण्यापासून. हे एकदा नाही, कित्येक वेळा होते. याला अबॉर्टिव्ह इनिशिएशन म्हणतात. पोट्ट्यांना मी सांगते, मणी पाडा, पुन्हा ओवा, पुन्हा पाडा, चार-पाच वेळा खरंच करा, नुसतं वाचू नका. मग कधी तरी आरएनए साधारण दहाच्या आसपास अक्षरांपर्यंत पोचते, आत दाबलेला ताण इतका होते की सिग्माची प्रमोटरवरची पकड सुटते, आणि मूठ एकदम पुढं सरकते. तो प्रमोटर एस्केप. सिग्मा नंतर बहुधा सुटून जाते आणि दुसऱ्या कोरला जाऊन मिळते. त्यानंतर मात्र मशीन सेकंदाला ४०-५० अक्षरं या वेगानं जाते.

या पहिल्या दोन-तीन मण्यांचं आपल्याकडं घराघरात काम पडलंय. माझ्या मामाला टीबी झाला होता, गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी नारिंगी-लाल यायला लागली तर घरचे घाबरून गेले, रक्त जाऊन राहिलं म्हणे. ते रक्त नव्हतं, तो रिफाम्पिसिनचा रंग. ही गोळी टीबीच्या जंतूच्या पॉलिमरेजच्या बीटा भागात, आरएनए जिकडून बाहेर निघते त्या वाटेतच जाऊन बसते. मुठीच्या आत अंगठा आडवा घालून बघा, दोन-तीन मणी झाले की चौथा जोडायला जागाच नाही. जंतूचा जीन चालू होतच नाही. माणसाच्या पॉलिमरेजला उपचाराच्या डोसमध्ये ती धरत नाही म्हणून औषध म्हणून चालते. आणि काही जंतूंमध्ये बीटाचा जीन, आरपीओबी, थोडा बदलतो, मग गोळी बसत नाही. टीबीच्या सीबीनॅट तपासणीत थुंकीतून नेमका याच जीनचा ८१ अक्षरांचा तुकडा तपासतात. गोळ्या मध्येच सोडू नका असं जे सांगतात त्याच्यामागचं एक मोठं कारण हे आहे, अर्धवट मारलेल्यातून असेच बदललेले जंतू उरतात आणि वाढतात. मामानं कोर्स पूर्ण केला, बरा झाला.

इथं थांबून चहा घ्या. पुढं आपल्या पेशी, म्हणजे माणूस, तूर, पऱ्हाटी सगळे.

आपल्याकडं बॅक्टेरियाचा प्रमोटर चालत नाही, हे आधी डोक्यात बसवा, आणि त्याचा पुरावा तुमच्या वावरातच उभा आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यातला अळी मारणारा क्राय जीन बॅक्टेरियाचा, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा. पण बॅक्टेरियाच्या प्रमोटरसकट तो जीन झाडात घातला असता तर झाडाच्या मशीननं त्याच्याकडं पाहिलंही नसतं. म्हणून पहिल्या बीटी कापसात त्याच्यापुढं फुलकोबीवर येणाऱ्या एका व्हायरसचा प्रमोटर जोडला, ३५एस नावाचा. हा व्हायरस झाडातच राहणारा, झाडाचं मशीन वापरणारा, त्यामुळं त्याच्या प्रमोटरला टाटा बॉक्स वगैरे झाडाला ओळखीचं सगळं. बीटी म्हटलं की सगळे जीनबद्दल बोलतात, गुलाबी बोंडअळीबद्दल बोलतात (तिनं प्रतिकार मिळवला ती वेगळी गोष्ट आहे), प्रमोटरबद्दल कोणी बोलत नाही, पण तो नसता तर जीन नुसता पडून राहिला असता.

तर दुसरी बाजू अशी करायची. दोर पुन्हा पीळ देऊन सरळ करा, जुने पट्टे विसरा, आणि लाल खुणेपासून डावीकडं साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर दुसऱ्या रंगानं टाटा बॉक्स काढा, म्हणजे -२५ ते -३० च्या आसपास. आपल्याकडं मुख्य पॉलिमरेज तीन, एक नंबर रायबोसोमचा आरएनए बनवते, तीन नंबर टीआरएनए आणि ५एस नावाचा छोटा आरएनए, आणि दोन नंबर एमआरएनए. आपण दोन नंबरचं बघतोय. याला सिग्मा नसते, त्याच्याऐवजी बऱ्याच जणांची टोळी लागते. सगळ्यात आधी टीएफ-टू-डी, त्याच्यातलं टीबीपी हे प्रोटीन टाटा बॉक्सवर घोड्याच्या खोगिरासारखं बसते आणि दोर जवळजवळ ८० अंशात वाकवते. वाकवा ना खरंच, काटकोनाच्या जरा कमी. मग टीएफ-टू-ए येते, मग बी, मग एफ हा पॉलिमरेजला घेऊनच येते, मग ई, मग एच. हा क्रम पोरांच्या लक्षात राहात नाही म्हणून मी एक ओळ करून दिली आहे, "दादा आला बाजारातून, फुटाणे एकट्यानंच हादडले". द-आ-ब-फ-ए-ह, म्हणजे डी, ए, बी, एफ, ई, एच. पेशीत दर वेळी हाच क्रम कडक पाळला जाते असं नाही, पण परीक्षेला आणि समजायला हा पुरते.

टीएफ-टू-एच दोन कामं करते आणि दोन्ही महत्त्वाची. एक, एटीपी खर्च करून उजवीकडचा दोर पिळत आत ढकलते, त्यानं टाटाच्या पुढची फट उघडते. बॅक्टेरियाला एटीपी लागला नव्हता, इथं लागते, हा फरक लिहून ठेवा. दोन, पॉलिमरेजला एक लांब शेपूट असते, सात अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हा पुन्हा, माणसात ५२ वेळा, त्याच्यावर हा फॉस्फेट लावते. फॉस्फेट लागले की शेपटीची मेडिएटर नावाच्या मोठ्या प्रोटीन-गटावरची पकड सुटते आणि मशीन निघते. मुठीला एक दोरी शेपूट म्हणून बांधा, चिमट्यानं दोराला अडकवा, चिमटा काढला की मूठ निघाली. हे मशीन प्रत्यक्ष कसं दिसते त्याचं अणूपर्यंतचं चित्र रॉजर कोर्नबर्ग यांनी काढलं, २००६ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना त्यासाठीच. एक गोष्ट मात्र पुस्तकं सांगत नाहीत, माणसाच्या बऱ्याचशा जीनला टाटा बॉक्स नसतेच, तिथं टीएफ-टू-डीचे बाकीचे भाग दुसऱ्या खुणांवर टेकतात. तेव्हा "टाटा नाही म्हणजे प्रमोटर नाही" असं लिहू नका.

आता डालं घ्या. डाव्या बाजूचा जवळजवळ तीन मीटर दोर, आपल्या मापानं १४७ अक्षरं, डाल्याला गुंडाळा, दोन वेढ्याच्या जरा आतच संपते. हा न्यूक्लिओसोम, डालं म्हणजे हिस्टोन प्रोटीन. हा वेढा टाटा बॉक्सवर आला तर टीबीपी बसणार कुठं. म्हणून पेशी हिस्टोनच्या टोकांवर अॅसिटिल लावते, पकड ढिली होते, काही मशीनं तर एटीपी खर्चून डालंच सरकवतात. आणि शेवटचं, एन्हान्सर. दोराच्या पार लांबच्या टोकाला एक चिमटा लावा आणि ते टोक उचलून वळवून लाल खुणेजवळ आणा, मध्ये फास तयार होते. हजारो अक्षरं लांब बसलेलं प्रोटीन असं वळून, मेडिएटरच्या मध्यस्थीनं, सुरुवातीला जोर देते.

हे आपल्या भागात नुसतं परीक्षेचं नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, इकडं सिकलसेल किती आहे ते वेगळं सांगायला नको. बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या, जीनमध्ये जीएजी चं जीटीजी झालं, एका अक्षराचा फरक. पण असं बाळ पहिले काही महिने बरं असते, काहून, तर पोटात असतानाचा गॅमा ग्लोबिन तेव्हा अजून बनत असते. नंतर पेशी गॅमा बंद करून बीटा चालू करते आणि त्रास सुरू होते. ते बंद करणं म्हणजे सुरुवातच होऊ न देणं. बीसीएल११ए नावाचं प्रोटीन गॅमाच्या +१ पासून सुमारे ११५ अक्षरं मागं जाऊन बसते. डाल्यावरचा दोर सोडा, लाल खुणेपासून डावीकडं २३० सेंटिमीटर मोजा आणि तिथं चिमटा लावा. ज्यांच्यात या जागेचंच एखादं अक्षर जन्मतः बदललेलं असते त्यांच्यात ते नीट बसू शकत नाही आणि मोठेपणीही गॅमा चालू राहते. क्रिस्परवालं, म्हणजे डीएनए कापणाऱ्या कात्रीचं, जे उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले, त्यात बीसीएल११ए च्याच एन्हान्सरला कापतात, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशीत हे प्रोटीन कमी बनते आणि गॅमा पुन्हा सुरू होते. बीटाच्या बिघडलेल्या अक्षराला हात पण लावत नाहीत. माझ्या वर्गात दरवर्षी एक-दोन पोरं अशी असतात ज्यांच्या घरी हा आजार आहे, ती हा चिमटा स्वतः येऊन लावतात, आणि मग इतके प्रश्न विचारतात की तास संपते.

सगळं झालं की दोर सोडण्याआधी एकमेकांना तीन प्रश्न विचारा. ट्रान्सक्रिप्शन एयूजी पासून सुरू होते का? नाही, +१ पासून, एयूजी नंतर कुठं तरी येते आणि तिथून ट्रान्सलेशन, म्हणजे प्रोटीन बनणं, सुरू होते, दोराच्या उजव्या बाजूला ८० सेंटिमीटरवर खूण करून दाखवा म्हणजे कायमचं बसेल. टी-ए-टी-ए-ए-टी हे एमआरएनएत दिसेल का? नाही, ते लाल खुणेच्या मागं राहिलं, मणी पुढून सुरू झाले.

तिसरा जरा अवघड, आणि तो उत्तर न सांगता करायला द्या. बॅक्टेरियावाला दोर घ्या, -१० आणि -३५ मधली १७ अक्षरं १२ केली तर काय होईल, अक्षरं सगळी बरोबर आहेत, फक्त अंतर कमी? पोरं म्हणतात, जवळ आलं तर चांगलंच की. मग -१० वर आणि -३५ वर एकेक चिमटा पिळाच्या एकाच बाजूला, वर तोंड करून लावा, आणि मधली १० सेंटिमीटर सुतळी पिळासकट दुमडून दोऱ्यानं बांधून टाका, पीळ जशाचा तसा ठेवून. १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा वेढा. मागचा चिमटा फिरून खालच्या बाजूला गेलेला दिसेल, आणि सिग्माचे दोन्ही हात तर एकाच बाजूला आहेत.